अकाउंटिंग सॉफ्टवेअर बदलताय? ओपनिंग बॅलन्स हलवताना मी केलेली चूक आधी वाचा

गेल्या वर्षी मे महिन्यात मामांच्या दुकानात एक प्लंबर आले. पाइप, फिटिंग आणि मोटारींचं दुकान आहे, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात. हे गृहस्थ मामांचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि व्हॉट्सॲपवरचा मेसेज दाखवला: "आपल्याकडे ९,२०० रुपये बाकी आहेत. कृपया लवकर भरावेत."

"मालक, मी तुम्हाला आगाऊ पैसे दिलेत की. उलटं माझंच तुमच्याकडं येणं आहे."

दुकानात आणखी चार-पाच माणसं उभी होती. मामांनी काउंटरखालची छोटी डायरी काढली, फेब्रुवारीचं पान उघडलं. तिथे त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, मोटारीसाठी आगाऊ ९,२००. त्यांनी माफी मागितली, चहा मागवला. मला काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं, कारण तो मेसेज पाठवणारं ॲप मी बसवलं होतं आणि त्यातला आकडा मी भरला होता.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑफिसात लाखो रेकॉर्ड एका डेटाबेसमधून दुसऱ्यात हलवतो. त्यामुळे "दुकानाचं जुनं सॉफ्टवेअर बंद करून मोबाईलवर नवीन चालू करूया" असं मामेभाऊ म्हणाला तेव्हा मी एका रविवारचं काम म्हणून हो म्हटलं. तुमच्या घरी दुकान, वर्कशॉप, कृषी सेवा केंद्र असलं काही असेल तर हे काम कधी ना कधी तुमच्याकडेच येणार, कारण घरातलं "मोबाईलमधलं कळणारं" माणूस तुम्हीच असता. म्हणून हा लेख.

ओपनिंग बॅलन्स म्हणजे नक्की काय?

लाल कापडाच्या वहीत हिशेब लिहायचे तेव्हा पान भरलं की खाली बेरीज करून पुढच्या पानावर सगळ्यात वर लिहायचे: मागील पानावरून पुढे. नवीन पानाला जुन्या पानावरच्या प्रत्येक नोंदीची गरज नसते, तिथपर्यंत काय शिल्लक राहिलं एवढं कळलं की पुरतं. सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे वहीच बदलणं. जुन्या वहीतल्या प्रत्येक खात्याची एका ठरावीक तारखेची अखेरची शिल्लक नव्या वहीत आरंभीची शिल्लक म्हणून जाते. तिलाच ओपनिंग बॅलन्स म्हणतात.

नवीन फोन घेतल्यावर कॉल हिस्टरी आली नाही तरी आपलं चालतं, कॉन्टॅक्ट मात्र आलेच पाहिजेत. इथेही तसंच आहे. मागच्या वर्षी कोणत्या मंगळवारी किती विक्री झाली हे नव्या ॲपला माहीत नसलं तरी चालेल. कोण आपल्याला किती देणं लागतो, आपण कुणाला किती देणं लागतो, गल्ल्यात आणि बँकेत किती आहेत, माल किती आहे, हे मात्र नेमकं हवं.

सॉफ्टवेअर बदलण्याची वेळ कधी स्वतःहून येते, कधी लादली जाते. जुना कॉम्प्युटर बंद पडतो, लायसन्स संपतं, किंवा कंपनीच दुकान आवरते. क्विकबुक्सने २०२३ मध्ये भारतातली सेवा बंद केली तेव्हा इथल्या सगळ्या वापरकर्त्यांना हिशेब उचलून दुसरीकडे जावं लागलं होतं.

काय न्यायचं, काय मागे ठेवायचं

कॉमर्सवाल्यांना हे पाठ असतं, आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना कुणी सांगितलेलं नसतं. खाती दोन प्रकारची असतात. रोख, बँक, साठा, येणे, देणे, कर्ज, भांडवल ही ताळेबंदातली खाती. ती वर्ष बदललं तरी संपत नाहीत. दुसरी उत्पन्न-खर्चाची: विक्री, खरेदी, भाडं, वीजबिल, पगार. ही ३१ मार्चला संपतात, त्यांचा नफा-तोटा भांडवलात जमा होतो आणि १ एप्रिलला ती शून्यापासून सुरू होतात.

म्हणून १ एप्रिलला सॉफ्टवेअर बदललं तर फक्त ताळेबंदातली खाती न्यायची. "मागच्या वर्षीची विक्री ओपनिंगमध्ये टाकू का?" असा प्रश्न मामेभावाने विचारला होता. नाही. टाकली तर नवं वर्ष सुरू होण्याआधीच तीस-चाळीस लाखांची विक्री दिसेल.

वर्षाच्या मध्येच, समजा ऑक्टोबरमध्ये, बदलायची वेळ आली तर गुंता वाढतो. तेव्हा एप्रिल ते सप्टेंबरची विक्री, खरेदी आणि खर्चाच्या बेरजाही न्याव्या लागतात, नाहीतर मार्चमध्ये नफा अर्ध्याच वर्षाचा निघतो. दुसरा मार्ग म्हणजे १ एप्रिलची शिल्लक टाकून सहा महिन्यांच्या सगळ्या नोंदी पुन्हा भरणं. बिलं थोडी असतील तर हा मार्ग जास्त स्वच्छ आहे. पण खरं सांगायचं तर शक्य असेल तितकं थांबा आणि १ एप्रिललाच बदला.

आमचे आकडे

३१ मार्चचं तेरीज पत्रक, म्हणजे ट्रायल बॅलन्स, जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलं. आकडे मी थोडे बदललेत आणि सोयीसाठी गोल केलेत. नफा भांडवलात धरलाय.

नावे बाजू:
रोख – १२,४००
बँकेचं चालू खातं – ८६,३५०
मालाचा साठा – ३,४०,०००
ग्राहकांकडून येणे – १,४८,६००
काउंटर, रॅक, फर्निचर – ६५,०००
जीएसटी क्रेडिट शिल्लक – ७,२५०
एकूण – ६,५९,६००

जमा बाजू:
पुरवठादारांना देणे – १,९२,०००
बँकेचं कर्ज – १,२०,०००
ग्राहकाने दिलेली आगाऊ रक्कम – ९,२००
मामांचं भांडवल – ३,३८,४००
एकूण – ६,५९,६००

दोन्ही बाजू सारख्या. त्या सारख्याच असल्या पाहिजेत, कारण प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहिला जातो. नव्या ॲपमध्येही याच बेरजा आल्या असत्या तर हा लेख लिहिला गेला नसता.

झालं काय, तर ग्राहकांची यादी मी जुन्या सॉफ्टवेअरमधून एक्सेलमध्ये काढली आणि पायथनच्या एका छोट्या स्क्रिप्टने वाचून नव्या ॲपच्या साच्यात भरली. एक्सेल उघडून बघितलं की रकमेपुढे नावे किंवा जमा असं दिसत होतं. पण ती अक्षरं सेलमध्ये नव्हतीच! ती सेलच्या फॉरमॅटिंगमध्ये होती. स्क्रिप्ट सेलमधला आकडा वाचते, तो कसा दाखवायचा याच्याशी तिला देणंघेणं नसतं. त्यामुळे प्लंबरची ९,२०० जमा रक्कम नुसती ९,२०० म्हणून आली आणि येण्यात जाऊन बसली.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकांच्या गटाची निव्वळ बाकी १,३९,४०० होती, म्हणजे १,४८,६०० वजा ९,२००. माझ्या यादीची बेरीज आली १,५७,८००. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायला दहा सेकंद लागली असती. मी बघितलं नाही.

फरक गिळणारं खातं

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. दोन्ही बाजू जुळत नसतील तर सॉफ्टवेअरने अडवायला हवं असं आपल्याला वाटतं. बहुतेक सॉफ्टवेअर अडवत नाहीत. ती फरकाची रक्कम एका वेगळ्या खात्यात टाकतात आणि पुढे जातात. टॅलीमध्ये ताळेबंदात "डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस" अशी ओळ दिसते. झोहो बुक्समध्ये "ओपनिंग बॅलन्स ॲडजस्टमेंट्स" नावाचं खातं असतं. क्विकबुक्समध्ये "ओपनिंग बॅलन्स इक्विटी". नावं वेगळी, काम एकच: न जुळलेलं सामावून घेणं.

तुम्ही खाती एकेक करून भरत असता तेव्हा हे खातं कामाचं असतं. निम्मी खाती भरून झाली की फरक दिसणारच. पण सगळं भरून झाल्यावर तिथे शून्य यायला हवं. शून्य म्हणजे शून्य, "जवळपास" नाही.

आमच्या ॲपमध्ये तिथे १८,४०० दिसत होते. मी काय केलं असेल? रात्रीचे अकरा वाजले होते, सोमवारी पुण्याला परत जायचं होतं. साठ्याच्या मोजणीत काहीतरी इकडचं तिकडे झालं असेल असं स्वतःला सांगितलं आणि ती रक्कम भांडवलात वळती केली. ३,३८,४०० चं भांडवल ३,५६,८०० झालं. फरक शून्य, ताळेबंद जुळला, मी झोपलो. ऑफिसात कुणी टेस्ट फेल होतेय म्हणून टेस्टच काढून टाकली तर मी त्याचा कोड परत पाठवतो. इथे मी नेमकं तेच केलं होतं.

त्या आकड्यातच चूक लिहिलेली होती. जुने मुनीम दोन युक्त्या वापरायचे. पहिली, फरकाला दोनने भागा. १८,४०० चे अर्धे ९,२००. ही रक्कम यादीत कुठे दिसते का बघा. दिसली तर ती चुकीच्या बाजूला गेली असण्याची दाट शक्यता, कारण बाजू बदलली की फरक दुप्पट पडतो. दुसरी, फरकाला नऊने पूर्ण भाग जातो का बघा. जात असेल तर शेजारचे अंक उलटसुलट लिहिले गेले असू शकतात. ८६,३५० च्या जागी ८३,६५० लिहिलं तर फरक २,७००, नऊने पूर्ण भाग जातो. मला या युक्त्या नंतर कळल्या, त्याही मामांकडून.

एकच आकडा टाकू नका, बिलं टाका

नावं आणि बाजू बरोबर आली तरी काम संपत नाही. समजा एका ठेकेदाराकडून ४२,००० येणे आहेत. नव्या ॲपमध्ये त्याच्या नावापुढे ४२,००० लिहिले की बेरीज जुळते. पण ते ४२,००० म्हणजे तीन बिलं असतात: नोव्हेंबरचं १५,०००, जानेवारीचं ९,०००, मार्चचं १८,०००. ठेकेदार येऊन म्हणाला, "जानेवारीचं बिल घ्या, नोव्हेंबरच्या मालात दोन व्हॉल्व्ह खराब निघाले होते, त्याचं नंतर बघू", तर एकाच आकड्यात त्याचं उत्तर सापडत नाही. शिवाय ॲप सगळी बाकी १ एप्रिलची समजतं. पाच महिने रखडलेली उधारी कालची वाटायला लागते आणि कुणाच्या मागे लागायचं हेच कळत नाही.

देण्याच्या बाजूला तारीख आणखी महत्त्वाची. जीएसटीच्या नियमानुसार पुरवठादाराच्या बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं, पण मधल्या काळातला भुर्दंड आपलाच. ॲपमध्ये बिलाची तारीख नोव्हेंबरऐवजी १ एप्रिल पडली तर १८० दिवस चुकीच्या तारखेपासून मोजले जातील. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेत असाल तर लेखी कराराने जास्तीत जास्त ४५ दिवस आणि करार नसेल तर १५ दिवस ही मुदत असते. ती चुकवून वर्षअखेर पैसे थकले तर तो खर्च आयकरात त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देता त्या वर्षी धरला जातो. म्हणून मूळ बिल नंबर, मूळ तारीख आणि राहिलेली रक्कम, तिन्ही न्या.

फक्त एक सांभाळा. ही जुनी बिलं नव्या ॲपमध्ये "नवीन विक्री" म्हणून भरू नका. तसं केलं तर ती या वर्षीच्या विक्रीत धरली जातील, साठा पुन्हा कमी होईल आणि आधीच कर भरलेली बिलं जीएसटीआर-१ मध्ये दुसऱ्यांदा जातील. बऱ्याच ॲपमध्ये पार्टीच्या माहितीतच ओपनिंग बिलं भरायची वेगळी सोय असते, ती शोधा.

बँक आणि साठा

बँकेची शिल्लक पासबुकातून किंवा बँकेच्या ॲपमधून उचलायचा मोह होतो. मलाही झाला होता. पासबुकात ९४,३५० होते, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ८६,३५०. आठ हजारांचा फरक कशाचा? मामांनी २८ मार्चला एका पुरवठादाराला ८,००० चा चेक दिला होता, तो ३ एप्रिलला वटला. वहीतली शिल्लक बरोबर होती, बँकेला अजून कळायचं होतं. मी पासबुकातला आकडा टाकला असता तर एप्रिलमध्ये चेक वटल्यावर कुणीतरी तो नवीन पेमेंट म्हणून लिहिला असता आणि पुरवठादाराची बाकी दोनदा कमी झाली असती. घ्यायची ती वहीची शिल्लक, आणि न वटलेल्या चेकची यादी सोबत ठेवायची.

साठ्यात वेगळीच गंमत असते. काही ॲपमध्ये प्रत्येक वस्तूचे नग आणि दर भरले की साठ्याची किंमत आपोआप ताळेबंदात येते. तिथे तुम्ही "साठा" नावाच्या खात्यात पुन्हा ३,४०,००० भरले तर माल दुप्पट. आधी दोन-तीन वस्तू भरून ताळेबंद बघा, म्हणजे आपलं ॲप कसं वागतं ते कळेल. आणि नग जुन्या सॉफ्टवेअरमधून न घेता रॅकसमोर उभं राहून मोजा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्ध्या इंचाचे एल्बो उणे सतरा होते. उणे सतरा एल्बो रॅकमध्ये कसे दिसतात ते मला अजून बघायचंय.

जीएसटी क्रेडिटचा आकडा पोर्टलवरच्या इलेक्ट्रॉनिक क्रेडिट लेजरशी पडताळा. सीजीएसटी, एसजीएसटी आणि आयजीएसटी वेगवेगळे भरायचे, एकत्र बेरीज करून नाही. मार्चचं विवरणपत्र एप्रिलमध्ये भरलं जातं, त्यामुळे ३१ मार्चला पोर्टलवर दिसणारा आकडा आणि वहीतला आकडा वेगळे असू शकतात. फरक कशामुळे आहे ते कागदावर लिहून काढता आलं की झालं.

दुसऱ्यांदा मी काय केलं

त्या प्लंबरकाकांच्या मेसेजनंतर मी पुढच्या शनिवारी परत गावी गेलो. आधी त्यांच्या घरी जाऊन आलो. मग ॲपमधले आपोआप जाणारे रिमाइंडर बंद केले. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. नंतर जुन्या सॉफ्टवेअरमधून आणि नव्या ॲपमधून ३१ मार्चचं तेरीज पत्रक काढलं, दोन्ही छापली आणि मामेभावासोबत पेन्सिलने एकेक ओळ टिक केली. भांडवलात दडवलेले १८,४०० बाहेर काढले, प्लंबरकाकांचे ९,२०० जमा बाजूला नेले, फरकाचं खातं शून्य झालं. त्यानंतर ग्राहकांची यादी नावानिशी ताडली, कारण एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर गेली तरी एकूण बेरीज जुळतेच.

सगळ्यात शेवटी मामांनी स्वतः प्रत्येक उधारीवाल्याला फोन केला: "नवीन सिस्टीम टाकलीय, तुमची एवढी बाकी दिसतेय, बरोबर आहे का?" पंधरापैकी दोघांनी दुरुस्ती सांगितली. त्यातली एक जुन्या सॉफ्टवेअरमधलीच चूक होती, दोन वर्षं कुणाच्या लक्षात न आलेली. हे फोन झाल्यावरच रिमाइंडर चालू केले.

एप्रिलमध्ये टाकलेले आकडे अंतिम नसतात हेही लक्षात ठेवा. आमच्या सीएंनी जुलैमध्ये फर्निचरवर १० टक्के घसारा लावला. ६५,००० चे ५८,५०० झाले आणि भांडवल ६,५०० ने कमी होऊन ३,३१,९०० झालं. म्हणजे ओपनिंग बॅलन्स पुन्हा दुरुस्त करावा लागला. सीएंकडून अंतिम ताळेबंद येईपर्यंत ॲपमधला तो भाग लॉक करू नका. आल्यावर दुरुस्त करून लगेच लॉक करा, नाहीतर कुणाच्या तरी अंगठ्याने मागचं वर्ष बदलतं.

बिल नंबरांचंही बघा. एका आर्थिक वर्षात बिल नंबर पुन्हा यायला नको आणि तो १६ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. १ एप्रिलला बदललं तर नवी मालिका एकपासून सुरू करता येते. वर्षाच्या मध्ये बदललं तर शेवटच्या बिलाच्या पुढचा नंबर द्या किंवा पुढे वेगळं अक्षर लावा.

जुना डेटा फेकून देऊ नका. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. नुसत्या बॅकअप फाइलवर भरवसा ठेवू नका, ती उघडायला तेच सॉफ्टवेअर आणि चालू कॉम्प्युटर लागतो. प्रत्येक खात्याची खतावणी, सगळी बिलं आणि तेरीज पत्रक पीडीएफमध्ये काढून दोन ठिकाणी ठेवा. आमच्याकडे एक प्रत गुगल ड्राइव्हवर आहे, एक पेनड्राइव्हमध्ये. जुना कॉम्प्युटर माळ्यावर आहे. त्याचा पासवर्ड मामांनी मॉनिटरच्या मागे चिठ्ठीवर चिकटवून ठेवलाय आणि या वेळी मी त्याबद्दल काही बोललो नाही.